दार फळणीचा सण

आमच्या आईच्या तोंडी सणांची जुनीच नावं आहेत. रोश हाशाना ती म्हणत नाही, नव्याचा सण म्हणते. पुरीम तिच्या लेखी होळीचा सण आणि तिशा बआव हा बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवशी उपास सोडताना पानात वालाचं बिरडं असतं. पेसाह हा अनशी ढाकायचा सण. अनस म्हणजे आंबट कालवणाचं मडकं, ते आठ दिवस झाकून ठेवायचं. मिसर देशातून सुटका, मोशे, लाल समुद्र हे सगळं आमच्या कोकणातल्या पूर्वजांच्या आठवणीतून कधीच निसटलं होतं. मडकं झाकायचं तेवढं राहिलं. आणि योम किप्पूर म्हणजे दार फळणीचा सण. दार लावून घ्यायचा सण.

२०२० साली या नावाचा अर्थ मला पहिल्यांदा कळला. तोवर ती मला आईची एक गंमत वाटायची.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, त्यांचे आम्ही वंशज, अशी आमची कथा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून कुलाबा जिल्ह्यात आम्हाला शनवार तेली म्हणत. शेकडो वर्षं ना मशीद, ना प्रार्थना म्हणणारा हझान, ना पोथी. (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो. वाचताना गोंधळ होईल, पण शब्द बदलणार नाही.) पहिली मशीद १७९६ साली मुंबईत मांडवीला सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधली. तिचं नाव शाआर हारहामीम, म्हणजे दयेचं दार. आमची ठाण्याची १८७९ ची, शाआर हाशमायीम, स्वर्गाचं दार. नावं दारांची, आणि मार्च २०२० मध्ये दोन्हीकडे कुलपं.

त्या वर्षी टाळेबंदी सुरू झाली २५ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी. त्याच संध्याकाळी आमचा निसान महिना लागला. आमचं आणि शेजाऱ्यांचं पंचांग दोन्ही चंद्रावर चालतं, मधूनमधून एखादा महिना जास्तीचा घालून दोघंही सूर्याशी जुळवून घेतात, त्यामुळे असे योग येतात. पंधरा दिवसांनी, ८ एप्रिलला, समोरच्या वहिनींकडे हनुमान जयंतीचा सुंठवडा आणि आमच्याकडे पेसाहची पहिली रात्र, सेदरची.

पेसाहला बिनखमिराची भाकरी लागते, मात्सा. दरवर्षी ती मुंबईहून खोक्यातून यायची. त्या वर्षी खोकं आलं नाही. आई म्हणाली, पीठ आहे, पाणी आहे, लाटणं आहे, मग अडलं कुठं? पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाकरी भाजून झाली पाहिजे, नाहीतर पीठ आंबायला लागलं असं धर्म मानतो. मी मोबाइलवर गजर लावला. ती लाटत होती, मी काट्यानं टोचे मारून तव्यावर टाकत होते. पहिली करपली, दुसरी फुगली. फुगलेली बाद. आठव्या-नवव्याला हात बसला. आमच्याकडे १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हागादाची, म्हणजे सेदरला वाचायच्या पोथीची, एक झेरॉक्स आहे. तिच्यात नऊवारी नेसलेल्या बायका बसून मात्सा लाटतायत असं चित्र आहे. आईनं गाऊनवर पदर म्हणून ओढणी घेतली आणि म्हणाली, हं, आता झालं चित्रासारखं.

सेदरला घरातल्या सगळ्यांत लहान मुलानं विचारायचं असतं की आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी कशी. त्या रात्री घरात सगळ्यांत लहान मी होते, सत्तावन्न वर्षांची. मी विचारलं. आईनं खिडकीबाहेर, ओस पडलेल्या रस्त्याकडे बोट केलं.

मग एलियाहू हनाबीसाठी, म्हणजे प्रेषित एलियाहूसाठी, पेला भरायचा आणि दार उघडायचं. एलियाहू हनाबीवर आमच्या लोकांचा फार जीव. अलिबागजवळ खंडाळ्याच्या बाजूला त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात, आम्ही तिथे नवस फेडायला जातो. तर रात्री दहाला मी दार सताड उघडलं. सोसायटीत लिफ्टच्या बटणालाही हात न लावायचे दिवस ते. समोरच्या वहिनींनी साखळी न काढता फटीतून विचारलं, “काय झालं? कुणाला बरं नाही का?”

“नाही वो, पाहुणा यायचाय,” आई आतून म्हणाली.

“या दिवसांत? पास काढलाय का त्यांनी?”

आई त्यावर इतकी हसली की पेल्यातलं मनुकांचं सरबत चादरीवर सांडलं. (वाइन नव्हे. काळ्या मनुका भिजवून कुस्करून केलेलं सरबत, आमच्या किद्दुशला, म्हणजे पेल्यावरच्या प्रार्थनेला, तेच चालतं.) तो डाग अजून आहे.

खालच्या मजल्यावर दुबईहून परतलेला एक मुलगा होता. डाव्या हातावर शिक्का आणि दारावर पालिकेचा कागद. आईनं येता-जाता तो कागद पाहिला आणि तिला नागावचं घर आठवलं. तिच्या लहानपणी पेसाहला बकऱ्याच्या रक्तात हात बुडवून कागदावर ठसा उमटवायचे आणि तो कागद दारावर लावायचे. मिसर देशातल्या त्या रात्री मरण दारावरची खूण बघून पुढे गेलं, सकाळपर्यंत कुणी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही अशी आज्ञा होती, त्याची ही आठवण. हागादा विसरलेल्या लोकांनी ठसा कसा सांभाळून ठेवला, देव जाणे. आईला दोन्ही कागद सारखेच वाटले. मला नाही वाटले. नागावचा कागद मरणाला सांगत होता, पुढे जा. खालच्या मजल्यावरचा माणसांना सांगत होता.

माझी ताई अश्दोदला असते. ऐंशीच्या दशकात गेली. आमच्यातले बहुतेक असेच गेले, आता भारतात जेमतेम चार-पाच हजार उरलोय. तिकडे आमच्या लोकांनी मराठी टिकवली, ‘मायबोली’ नावाचं नियतकालिक चालवलं, पण ताईच्या मराठीत आता हिब्रू खडीसाखरेसारखी लागते. टाळेबंदी म्हणजे सेगेर, विलगीकरण म्हणजे बिदुद. त्या एप्रिलमध्ये तिला घरापासून शंभर मीटरच्या पुढे फिरायला जाता येत नव्हतं आणि सेदरच्या रात्री तर संचारबंदीच होती. तिची नातवंडं दोन गल्ल्या पलीकडे, पण टेबलावर ती आणि भाऊजी दोघंच. तिकडे चौदा रब्बींनी सांगितलं की सण लागायच्या आधी झूम सुरू करून ठेवलं तर वयस्कर माणसांनी त्यावर सेदर करायला हरकत नाही. मुख्य रब्बींच्या कचेरीला ते पसंत पडलं नाही. त्याआधीच एक मुख्य रब्बी, डेव्हिड लाऊ, सांगून चुकले होते की दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचनाच्या गुंडाळीला, हात लावू नका, चुंबन घेऊ नका. जीव वाचवण्यापुढे बाकीचे नियम मागे हटतात हा आमच्या धर्मातला जुना दंडक. तरी हात न लावता मेझुझाखालून जाणं जमत नव्हतं, असं ताई म्हणायची. हात आपोआप वर जायचा, मग अर्ध्यातून मागे घ्यायचा. तिला स्वतःचंच हसू यायचं.

मग सप्टेंबर उजाडला आणि नव्याचा सण आला. १८ तारखेच्या संध्याकाळी सण लागला, त्याच दुपारी दोन वाजता तिकडे दुसरा सेगेर सुरू झाला होता. इकडे मशीद बंदच.

नव्याच्या सणाला चिकाचा हलवा करतात. तो दोघींचं काम नव्हे, चौघी लागतात. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, फडक्यातून पिळून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं. नारळाचं दूध काढायचं. गाईचं नाही, कारण मटणाच्या जेवणानंतर दुधाचं चालत नाही, म्हणून आमच्या स्वैपाकघरात नारळाचं राज्य. मग साखर घालून मंद आचेवर घोटत बसायचं, दोन तास, अडीच तास. हात थांबला की तळाला धरतो. दरवर्षी मावशी, मामी, मशिदीतल्या दोघी-तिघी यायच्या, आळीपाळीनं उलथणं धरायच्या आणि तेवढ्या वेळात अख्ख्या ठाण्याच्या भानगडी ऐकवून व्हायच्या. त्या वर्षी मी आणि आई. ताई व्हिडिओवर. तिनं तिकडे कॉर्नफ्लोअरचा हलवा वीस मिनिटांत करून थापून टाकला होता आणि आम्हाला दाखवत होती. आई तिच्याकडे न बघता म्हणाली, “ती खळ झाली, हलवा नाही.” आईच्या खांद्यात कळ यायला लागली तशी मी उलथणं घेतलं. तास-दीड तास दोघी काही बोललो नाही. बोलायला भानगडच नव्हती कुणाची. सगळे आपापल्या घरात.

वड्या पाडल्या, डबे भरले आणि ते डबे वॉचमनकडे ठेवून आलो. ज्याचा त्यानं न्यावा.

२८ सप्टेंबरला योम किप्पूर. आणि इथे मला आईच्या तोंडच्या नावाचा अर्थ कळला. हायम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ च्या सुमारास आमच्या समाजाचा इतिहास लिहिला, तो पुस्तकरूपानं १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. जुन्या काळी हा सण कसा पाळत ते त्यात आहे. आदल्या दिवशी न्हायचं, पांढरं नेसायचं, संध्याकाळी दार लावायचं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडायचं. अन्न नाही, पाणी नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलणं नाही, कुणाला शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, त्या दिवशी दार उघडून एकमेकांकडे जायचं, दानधर्म करायचा. म्हणजे मशिदी उभ्या राहायच्या आधी आमचा सगळ्यांत मोठा सण हा एक दिवसाची टाळेबंदीच होता. योम किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेला हिब्रूत नईला म्हणतात, त्याचाही अर्थ दारं मिटणं. पूर्वज हिब्रू विसरले, प्रार्थना विसरले, पण दार मिटायचं होतं एवढं त्यांच्या लक्षात राहिलं असावं, असं आपलं मला वाटतं. पंडितांनी काय ते ठरवावं.

मला सवय मशिदीतल्या योम किप्पूरची. पांढऱ्या साड्यांची गर्दी, पंख्यांची घरघर, दुपारी तीनला कुणाला तरी घेरी येणं, मग लिंबाला लवंगा टोचून ते हुंगायला फिरवणं, संध्याकाळी करंजीसारख्या पुऱ्यांचे डबे उघडणं. त्या वर्षी आई संध्याकाळी पांढरी साडी नेसून हॉलमध्ये बसली आणि म्हणाली, “फळ दार.” मी लावलं. फोन बंद, दिवे जे लावले ते लावले. चोवीस तास आम्ही दोघी. दुपारी मला वाटलं तिला झोप लागली. डोळे न उघडता ती म्हणाली, “माझी आजी असंच करायची. आम्हीच सोडलं होतं.”

तिला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं. हे मी कबूल करते, कारण त्या वर्षभरात घरच्या सणाचं कौतुक करणारे फार लेख वाचले आणि मला ते पटले नाहीत. सण घरात टिकतो हे खरंच. आमचा तर अठराव्या शतकापर्यंत घरातच टिकला. पण टिकणं निराळं. आमच्यात हातबोशी म्हणून एक रीत आहे. मशिदीत प्रार्थना झाली की एकजण दोन्ही हात पुढे करतो, दुसरा ते आपल्या दोन्ही तळव्यांत धरतो, सोडतो आणि मग दोघंही आपापली बोटं ओठांना लावतात. तिथून तो पुढच्याकडे, पुढचा त्याच्या पुढच्याकडे, असा हात सगळ्या मशिदीभर फिरतो. वैर असलेले दोन भाऊसुद्धा त्या क्षणी टाळू शकत नाहीत. साथीच्या रोगाला याहून सोयीची रीत शोधून सापडणार नाही! पूर्वज दार फळत होते तेव्हा दुसऱ्या दिवशी शिळ्या सणाला ते उघडत होते. आमचं उघडेना.

डिसेंबरात हनुक्काचे दिवे विझून आठवडाही झाला नव्हता तेव्हा ताईचा फोन आला. खिसून मिळाली. खिसून म्हणजे लस. तिकडे २० डिसेंबरपासून साठीच्या वरच्यांना द्यायला लागले. प्रत्येक माणूस चारपैकी एका आरोग्य-मंडळाचा सभासद असतोच, त्याची सगळी नोंद तयार, त्यामुळे मोबाइलवर वेळ आली आणि ही गेली. एकवीस दिवसांनी दुसरी मात्रा. तिनं दंडावरच्या पट्टीचा फोटो पाठवला. आई म्हणाली, मलिदा कर. एलियाहू हनाबीच्या नावानं मलिदा करतात, भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा, सोबत फळं. मी केला. आनंद झाला होता, पण पोहे भिजवताना पोटात थोडी जळजळही होत होती. नव्वद-पंचाण्णव लाख माणसांच्या घरात पातेलं लवकर पोचतं, एकशेतीस कोटींच्या घरात रांग लागते, हे कळत होतं तरी. (त्या लशी वेस्ट बँक आणि गाझात कधी पोचणार यावरून तिकडे वाद चालू होता. ताई त्यावर बोलायचं टाळायची, मी एकदा विचारलं आणि मग मीही टाळलं.)

लस हा विषय मुंबईच्या ज्यूंना नवा नाही. मांडवीत, आमच्या दयेच्या दाराच्या त्याच वस्तीत, १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे पहिले रोगी ओळखले. म्हणजे आमच्या तिश्रीच्या सणांचाच महिना, नव्याचा सण आणि योम किप्पूर येतात तो. लस शोधायला आला तो ओडेसाचा एक ज्यू, वाल्देमार हाफकिन. ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून त्यानं लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. पाच वर्षांनी पंजाबात मुलकोवाल गावी लस घेतलेली एकोणीस माणसं धनुर्वातानं दगावली आणि खापर त्याच्यावर फुटलं. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. म्हातारपणी तो कट्टर धर्मनिष्ठ झाला. परळच्या संस्थेला त्याचं नाव १९२५ साली मिळालं. लहानपणी बसमधून परळला जाताना वडील ती इमारत दाखवून म्हणायचे, हा आपला. मला तेव्हा वाटायचं हाफकिन अलिबागचा असेल.

१ मार्च २०२१ पासून आपल्याकडे साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली. दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन केंद्रावर गेले. दोन तास रांग, तीन खुर्च्या, एक पंखा. संगणकावरच्या मुलीनं आधार कार्ड पाहिलं. आडनावाला शेवटी ‘कर’, नाव बायबलातलं. ती म्हणाली, “आजी, ख्रिश्चन का?”

“नाही. आम्ही इस्राएल.”

“इस्रायलहून आलात? अहो, तिकडे तर सगळ्यांना देऊन झाली म्हणे! इथे कशाला आलात?”

आई म्हणाली, “मी नागावची आहे बाई. तिकडे जायला मला उशीर झाला.”

२७ मार्चला सेदर. आईला एक मात्रा, मला वय असूनही नाही, कारण माझा नंबर १ एप्रिलनंतर. तिकडे ताईच्या टेबलावर सगळी नातवंडं. त्याच शनिवार-रविवारी आपल्याकडे रात्रीची जमावबंदी लागली. तीन आठवड्यांनी ताईकडे रस्त्यावर मास्क घालायची सक्ती उठली, ती समुद्रावर गेली, तोंड उघडं टाकून काढलेला फोटो तिनं पाठवला. तो फोटो आला तेव्हा मी आमच्या मशिदीतल्या शोफार, म्हणजे शिंगाचा कर्णा, फुंकणाऱ्या काकांसाठी ऑक्सिजनच्या खाटेसाठी फोन लावत बसले होते, सकाळपासून सव्विसावा. मी तिला उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी तिनं फोटो काढून टाकला आणि विचारलं, काका कसे आहेत?

काका वाचले. तीन आठवड्यांनी घरी आले. सप्टेंबरात पुन्हा नव्याचा सण आला, धर्मस्थळं तेव्हाही बंदच होती, तेव्हा त्यांनी आपल्या गॅलरीत उभं राहून शोफार फुंकला. आम्ही खाली रस्त्यावर सात-आठजण. शेवटचा नाद लांबवायचा असतो, तकिया गदोला. तो काका फुंकायचे तेव्हा आम्ही मुलं बोटांवर मोजायचो, तीसच्या पुढे जायचे. या वेळी अकराला आवाज फाटला. काकांनी शोफार खाली घेतला, जरा थांबले, पुन्हा लावला आणि चौदापर्यंत नेला. कुणी काही म्हणालं नाही. रिक्षावाला हॉर्न वाजवून गेला.

त्या वर्षीही आम्ही दार फळलं.

७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, राज्यातली धर्मस्थळं उघडली. आमचे तिश्रीचे सगळे सण तोवर उरकले होते. दोन दिवसांनी शनिवार. आईच्या दोन्ही मात्रा पुऱ्या झाल्या होत्या. आम्ही मशिदीत गेलो. दारात ताप मोजला, आत खुर्च्यांवर एक सोडून एक फुली आणि भिंतीवर कागद: हातबोशी करू नये. आईनं चष्मा लावून तो पूर्ण वाचला. प्रार्थना झाली. काकांच्या बायको पलीकडच्या रांगेत होत्या. आई फुलीची खुर्ची ओलांडून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले. त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात धरले. मग आईनं मास्क खाली ओढून बोटं ओठांना लावली, मास्क वर केला, पर्समधून सॅनिटायझरची बाटली काढली आणि दोन्ही हातांना नीट चोळलं.

क्रम उलटा झाला, असं मी तिला रिक्षात सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे.